‘फसतो तो हावरटच’ म्हणणाऱ्यांना

गोदाकाठची:
परवा आपल्या नाशिकच्या ग्रुपवर ‘काउंटरपलीकडून’ या सभासदाने लिहिलं होतं: ‘एवढ्या सूचना, एवढ्या जाहिराती, मध्यंतरी तर फोन लावला की कॉलर ट्यूनवर तेच. तरी जो फसतो तो एकतर हावरट, नाहीतर बेफिकीर. मला अशांची दया येत नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. मला त्या वाक्यापेक्षा अंगठ्यांचा जास्त राग आला. दोन ओळींत मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना मेसेज आला, की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. घरात यजमान ऑक्सिजन मशीनवर. बाईंनी फोन केला. पलीकडचा अगदी ‘मॅडम, मॅडम’ करत बोलत होता. त्याने ‘बिल अपडेट’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली. ती उघडल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागितली गेली, बाईंनी दिली. मग ‘फक्त दहा रुपये’ भरायला डेबिट कार्डाचा नंबर टाकला. ओटीपी त्यांनी एकदाही कुणाला सांगितलेला नाही. तो त्या फाइलनेच परस्पर पलीकडे पोचवला.

आता मला सांगा, यात हाव कुठे आहे? नवऱ्याचं मशीन बंद पडेल ही भीती होती. ‘डिजिटल अरेस्ट’वालेही भीतीवरच जगतात. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद या देशाच्या कुठल्याही कायद्यात नाही, पण खाकी कपडे आणि मागे अशोकस्तंभ दिसला की भल्याभल्यांची बोबडी वळते.

खरी हानी पुढे झाली. बाईंनी आठवडाभर कुणाला काही सांगितलं नाही. मुलगा पुण्याहून आला, त्याने पासबुक पाहिलं तेव्हा कळलं. का नाही सांगितलं विचारल्यावर म्हणाल्या, ‘सगळे म्हणतील, शिकलेली असून अक्कल नाही.’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन गेला असता तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवून ठेवता आले असते. आठवड्यात ते चार खाती फिरून निघून गेले. तुमच्यासारखी वाक्यं लोकांच्या डोक्यात बसलेली असतात, म्हणून माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावर चोरांचा धंदा चालतो.

काउंटरपलीकडून:
मला उद्देशून धागा काढलात, ठीक. मग माझंही ऐका.

माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. पिनची चिठ्ठी पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवून तेच पासबुक शेजारच्या पोराच्या हाती देणारे लोक मी पाहिलेत. आणि पैसे गेले की शिव्या कुणाला? समोर बसलेल्या पोरीला, जिला नोकरीला लागून सहा महिनेही झालेले नसतात.

एक गृहस्थ एफडी मोडायला आले. कानात इअरफोन, चेहरा घामाने डबडबलेला. मी विचारलं, एवढी रक्कम कशासाठी? म्हणाले, ‘फ्लॅट घेतोय.’ मला शंका आली, दोनदा विचारलं, घरी फोन लावू का म्हटलं. तर ओरडले, ‘पैसे माझे आहेत, तुमचा काय संबंध?’ आणि मॅनेजरकडे माझीच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन आम्हाला विचारतो, तुम्ही अडवलं का नाही?

आणि हाव नसते म्हणता? २०१४ साली याच नाशिकात केबीसी मल्टिट्रेड या गुंतवणूक कंपनीचं काय झालं ते आठवा. भरमसाट परताव्यापायी लोकांनी स्वतः तर पैसे घातलेच, वर मेहुण्या-पाहुण्यांनाही ओढलं.

तुमच्या शिक्षिकाबाईंबद्दल वाईट वाटतं. पण अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडली ना? परवानगी दिली ना? नियमाच्या भाषेत तो ग्राहकाचा निष्काळजीपणाच.

गोदाकाठची:
काका, नियमाच्या भाषेवर आलात, बरं झालं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घ्या. खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे गेले, दोष खातेदाराचाही नाही आणि बँकेचाही नाही, आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य भार. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं स्वतःचं धोरण लागू. दोष खातेदाराचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, खातेदाराची नाही. डिसेंबर २०१७ मध्ये हेच सहकारी बँकांनाही लावलं. तरी ‘ते मोठ्या बँकांसाठी आहे’ असं सांगून बाईंना एका शाखेतून परत पाठवलं.

आता तुमचा निष्काळजीपणा क्षणभर मान्य करू. तरी त्याच परिपत्रकात आहे, की खातेदाराने कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर. चूक खातेदाराची असली तरीही. म्हणजे चुकलेल्या माणसालाही लवकर बोलण्यातच फायदा आहे. आणि तुम्ही त्याला आधीच हावरट ठरवून त्याचं तोंड बंद करता. परिपत्रकातलं ते वाक्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं.

सातपूर_शिफ्ट:
ताईंशी सहमत, पण काकांचंही अर्धं बरोबर आहे. आमच्या लाइनवरच्या पोराला टेलिग्रामवर ‘हॉटेलांना रेटिंग द्या, पैसे घ्या’ असं काम मिळालं. पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये खात्यात आले. त्याने आम्हाला कँटीनमध्ये चहा पाजला. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू. दोन हजार भरा, अठ्ठावीसशे घ्या. तेही मिळाले. मग वीस हजार, पन्नास हजार, आणि मग ‘तुमचा स्कोअर कमी झाला, पैसे काढण्यासाठी आणखी भरा.’ पीएफचा अ‍ॅडव्हान्स काढून भरला त्याने. याला हाव म्हणायचं नाही तर काय?

आणि विषय निघालाच आहे तर पेट्रोल पंपांचंही बोला. मीटर शून्यावर नसताना नोझल लावतात, कार्ड मागून लक्ष दुसरीकडे वळवतात. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवणं बंधनकारक आहे, ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, पाच लिटरला २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मी एकदा माप मागितलं तर मागच्या रांगेतल्यांनीच मला हॉर्न मारले. चोरापेक्षा हे रांगेतले जास्त डोक्यात जातात.

काउंटरपलीकडून:
पंपाचा धागा वेगळा काढा.

दिंडोरी_बागायतदार:
सगळं वाचलं. तुमचे शहरातले वीस हजार, पन्नास हजार गेले की धागा निघतो, १९३० आहे, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. आमची आख्खी बाग जाते त्याला कुठला नंबर आहे?

द्राक्षाचा व्यापारी बागेत येतो. घड हातात घेऊन, मणी फोडून साखर बघतो, ‘भाऊ, तुमच्यासारखा माल तालुक्यात नाही’ म्हणतो. रेट शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये वर. पहिली गाडी भरली की पैसे रोख, तिथेच, पोत्यावर बसून मोजून. दुसऱ्या गाडीला अर्धे रोख, अर्ध्याचा चेक. पुढच्या गाड्यांना ‘भाऊ, मार्केटमधून पेमेंट आलं की टाकतो.’ शेवटची गाडी गेली की फोन बंद. गाळ्यावर जावं तर गाळामालक म्हणतो, भाडं माझंही राहिलंय.

गेल्या हंगामात माझ्या सख्ख्या भावाचं हे झालं. पोलिसांत गेलो तर ‘हा दिवाणी व्यवहार आहे, कोर्टात जा.’ आता सांगा काका, माझा भाऊ हावरट की बेफिकीर?

काउंटरपलीकडून:
विषय ग्राहकाच्या फसवणुकीचा आहे. तुमचा भाऊ विक्रेता होता, ग्राहक नव्हे. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका: दोन रुपये जास्त मिळतात म्हणून अनोळखी माणसाला उधारीवर माल दिला. बाजार समितीच्या आवारात परवान्याचा व्यापारी असतो, समितीकडे तक्रार तरी करता येते.

दिंडोरी_बागायतदार:
राग मानू नका म्हणता आणि तोंडावर मारता. दोन रुपये जास्त म्हणजे हाव? औषधाचं बिल, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्याच दोन रुपयांत असतं. पाऊस डोक्यावर, मणी तडकायला लागलेले, मजुरांची टोळी दोन दिवसांनी दुसऱ्या बागेत जाणार. अशा वेळी जो दारात येतो त्याला माल द्यावा लागतो. द्राक्ष काही कांद्यासारखं चाळीत भरून ठेवता येत नाही. तुम्ही एसीत बसून नियम सांगा.

काउंटरपलीकडून:
माझे वडील निफाडला दुसऱ्याच्या शेतात राबत होते. एसी मला सांगू नका.

सातपूर_शिफ्ट:
दोघंही शांत व्हा. पण एक लक्षात आलं का? पहिली गाडी रोख आणि टेलिग्रामचे पहिले १५० रुपये, गळ एकच आहे. आधी पैसे खरोखर हातात देतात. माणूस जाहिरातीवर नाही, स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशांवर विश्वास ठेवतो.

गोदाकाठची:
हे बरोबर बोललास. म्हणूनच ‘थोडी रक्कम देऊन बघू, खरं असेल तर पुढे जाऊ’ हा सावधपणा इथे चालत नाही. आपण अशी परीक्षा घेणार हे त्यांनी धरलेलंच असतं.

कोर्टाच्या_पायरीवरून:
रोज कोर्टात हेच बघते म्हणून लिहिते.

बागायतदार दादा, शिवार खरेदीची अडचण खरी आहे. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला बांधावर विकायची मोकळीक मिळाली, पण बांधावरच्या व्यवहारावर समितीचं लक्ष राहिलं नाही. काका, त्यामुळे ‘समितीत का नाही गेलात’ हे म्हणायला सोपं आहे, माल तोडून तिथे नेण्याचा खर्च कोण देणार?

भावाकडे चेक आहे ना? चेक वटला नाही की बँक मेमो देते. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक न वटण्याचा गुन्हा) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. बहुतेक शेतकरी ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या फोनवर विसंबून नोटिशीची मुदत घालवतात. व्यापाऱ्यांनाही ही मुदत पाठ असते, फोन बरोबर तेवढेच दिवस उचलतात. आणि चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायचा असतो, नाहीतर तो कागदच.

पोलीस ‘दिवाणी’ म्हणून परत पाठवतात त्यावर एक उपाय चालतो. त्याच व्यापाऱ्याने बुडवलेले गावातले सगळे एकत्र जा. एकट्याची ती थकबाकी दिसते. वीस जणांची दिसली की सुरुवातीपासून बुडवायचाच इरादा होता हे मांडता येतं, मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. काट्याच्या पावत्या, गाडीचा नंबर, माल भरतानाचे फोटो, गाळ्याचा भाडेकरार, जे मिळेल ते जोडा.

आणि शेतकरी ग्राहक नाही हे सरसकट खरं नाही. बियाणं उगवलं नाही तर तो ग्राहक ठरतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसं म्हटलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, दोन वर्षांत दाखल करायची.

दिंडोरी_बागायतदार:
मेमो आहे. तारीख बघावी लागेल. एक चेक अजून टाकलेलाच नाही, व्यापारी ‘टाकू नका, रोख देतो’ म्हणत होता.

कोर्टाच्या_पायरीवरून:
उद्या सकाळी बँकेत टाका. त्याला विचारू नका.

काउंटरपलीकडून:
बागायतदार, चेक टाकताना स्लिपवर शिक्का मारून घ्या आणि परत आला की मेमोवरची तारीख जागेवर तपासा. शाखेत कुणी ‘नंतर या’ म्हणालं तर लेखी मागा. हे मी काउंटरवरचा माणूस म्हणून सांगतोय.

गोदाकाठची, तुमच्या त्या परिपत्रकातलं वाक्य मी काढून वाचलं. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. ‘दया येत नाही’ हे मी रागात लिहिलं होतं, त्या इअरफोनवाल्या गृहस्थांमुळे. ते काढून टाकतो. पण बेफिकिरीचा मुद्दा सोडणार नाही. फसलेल्याला त्याची चूक दाखवलीच पाहिजे, नाहीतर तो पुन्हा फसतो. फार तर १९३० ला फोन लागून तक्रार क्रमांक हातात आल्यावर दाखवू.

गोदाकाठची:
तो क्रम मला मान्य आहे. मग बाईंच्या बिल्डिंगमध्ये रविवारी आम्ही दहा-बारा ज्येष्ठ मंडळी जमवतोय, तिथे या. तुम्ही एफडीचा तो प्रसंग सांगा. मी विजेचं सांगते: थकबाकी असली तरी वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, ‘आज रात्री साडेनऊ’ हे शक्यच नाही. एपीकेची परवानगी कुठे बंद करायची ते प्रत्येकाच्या फोनवर करून दाखवायचंय. पंचवटीत खोल्या भाड्याने देणारे दोघं येणार आहेत, २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने खोट्या बुकिंग साइट निघतील त्याची त्यांना काळजी आहे.

काउंटरपलीकडून:
किती वाजता?

गोदाकाठची:
साडेपाच. आणि काका, बाई स्वतः बोलणार आहेत. त्यांच्यासमोर हावरट हा शब्द नको.

काउंटरपलीकडून:
नाही वापरणार. पण एपीके उघडली कशी, हे त्यांना विचारणार.

गोदाकाठची:
विचारा. त्या सांगतील.