तपासणी करायची की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्या

हंटिंग्टन हा आई-वडिलांकडून मुलांत उतरणारा मेंदूचा आजार. "त्याचं जनुक सापडलंय, तर घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून मोकळं व्हावं" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. या जनुकाच्या शोधामागे ज्यांची धडपड होती, त्या नॅन्सी वेक्सलर यांच्या आईलाच हा आजार होता. म्हणजे त्यांना स्वतःला धोका पन्नास टक्के. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या घराण्यांत वर्षानुवर्षं जाऊन त्यांनी वंशावळी मांडल्या, रक्ताचे हजारो नमुने जमवले. त्यातूनच १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या जनुकाची जागा दाखवणारी खूण सापडली आणि १९९३ मध्ये जनुक. पण चाचणी निघाली तेव्हा ती करायची नाही असं त्यांनी ठरवलं. आपल्यालाही हा आजार आहे हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं.

आमच्या पारोळ्याकडच्या आत्यांना हाच आजार होता. कळण्याची भाकरी थापताना हात भलतीकडेच जायचा, बसल्या जागी पाय थिरकायचे. गावानं 'बाहेरचं' ठरवलं, निदान व्हायला फार उशीर झाला. त्यांच्या थोरल्या मुलानं लग्नाआधी तपासून घेतलं, धाकटा नको म्हणाला. आता सोयरीक जुळवताना लोक त्याच्याकडे रिपोर्ट मागतात, अगदी त्याच्या चुलत भावंडांकडेही, ज्यांचा आत्यांच्या रक्ताशी संबंधच नाही! आजार थांबवणारं औषध अजून नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत आणि मोठ्यांचीही आधी समुपदेशन करूनच करतात. धाकट्यावर दबाव आणणाऱ्या नातेवाइकांना मी हेच सांगत असतो.