शब्दचर्चा : 'तारण', 'बाप्तिस्मा' आणि मधला 'आवश्यक'

प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेचे मराठी संपादन माझ्याकडे आले आहे. तिच्यात "तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक आहे" असे एक वाक्य आहे. कच्चा मजकूर वाचायला दिला तेव्हा एका वाचकाने 'तारण' हा शब्द कर्जाच्या संदर्भातला वाटतो असे कळवले, दुसऱ्याने 'आवश्यक'च्या जागी 'अनिवार्य' हा अधिक ठाम शब्द सुचवला, आणि तिसऱ्याने तारण केवळ विश्वासाने होते, तेव्हा हे वाक्यच काढून टाकावे, असा आग्रह धरला. पुस्तिका सर्व पंथांच्या आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्याही हाती जाणार आहे. या तिन्ही शब्दांचे ख्रिस्ती मराठीतले अर्थ जाणकारांनी कृपया उलगडून सांगावेत.

उत्तर

'तारण' या शब्दाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण आजच्या व्यवहारात हा शब्द बहुतेकांना बँकेच्या दारातच भेटतो. सोने तारण ठेवतात, विनातारण कर्ज मिळते. परंतु 'तारणे' म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे, पैलतीरी नेणे, हा अर्थ संतवाणीपासून मराठीच्या अंगवळणी पडलेला आहे आणि प्रोटेस्टंट मराठीतला 'तारण' त्याच अर्थाने येतो. येशूला 'तारणारा' किंवा 'तारक' म्हणतात तेही त्यामुळेच. मूळ ग्रीक 'सोतेरिया' या शब्दाच्या पोटात सुटका, सुरक्षितता आणि बरे होणे असे सारे अर्थ आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीला येशू "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" असे सांगतो, तेथे त्याच मुळाचे क्रियापद आहे. 'तारण'च्या जागी 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका डोळ्यांपुढे येते, आणि ख्रिस्ती श्रद्धेत सुटका पापापासून व त्याच्या परिणामापासून आहे. म्हणून 'तारण' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्याने त्याचा अर्थ सांगावा, असे माझे मत आहे.

'बाप्तिस्मा' हा शब्द मात्र भाषांतर न करता ग्रीकमधून जसाच्या तसा उचललेला आहे. मूळ क्रियापदाचा साधा अर्थ बुचकळणे, बुडवणे असा होतो. मग सरळ मराठी शब्द का घेतला नाही, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर बंगालच्या इतिहासात सापडते. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट (पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) मिशनऱ्यांच्या परंपरेतील बंगाली नव्या करारात 'बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला गेला, आणि ज्या मंडळ्या (चर्च) डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात त्यांना तो मान्य होणे शक्य नव्हते. 1830 च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा भाषांतराला साहाय्य नाकारले. अमेरिकेतही हाच वाद पेटला आणि बॅप्टिस्टांनी 1836 मध्ये आपली स्वतंत्र बायबल सोसायटी काढली. एका क्रियापदावरून संस्था दुभंगतात, याचे नवल वाटू नये. ज्या विधीने माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो असे मानायचे, त्या विधीत नेमके काय करायचे, हा प्रश्न श्रद्धावंताला क्षुल्लक वाटत नाही. न भाषांतरलेला 'बाप्तिस्मा' सर्वांना चालतो तो यामुळेच. पाण्याच्या प्रमाणाविषयी आरंभीच्या मंडळीचे धोरण मात्र सैल दिसते. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखात वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे पाणी, थंड नसेल तर ऊन पाणी, आणि पुरेसे नसेलच तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे.

दुसरे उत्तर

वरील विवेचनात एक भर घालतो. आम्ही वसईकडचे कॅथोलिक 'स्नानसंस्कार' म्हणतो, आणि त्या शब्दात 'संस्कार' हा भाग महत्त्वाचा आहे, कारण कॅथोलिक शिकवणीप्रमाणे हा विधी कृपेची नुसती खूण नसून कृपा देणारे साधन आहे. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1547 मध्ये स्नानसंस्कार ऐच्छिक आहे, तारणासाठी आवश्यक नाही, असे म्हणणाऱ्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला "पाण्यापासून व आत्म्यापासून" जन्म घेण्याविषयी सांगतो, तेथील पाणी निव्वळ रूपक समजू नये, असेही त्याच परिषदेचे म्हणणे आहे.

ही आवश्यकता आमच्याकडे किती गांभीर्याने घेतात हे प्रसूतिगृहात दिसते. अर्भकाच्या जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू वेळेत पोहोचणार नसतील, तर कोणीही, अगदी स्वतः ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, चर्चचा हेतू मनात धरून बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने हा संस्कार करू शकते, आणि तो पूर्णपणे ग्राह्य ठरतो. तरीही आपल्या त्या वाचकाने सुचवलेला 'अनिवार्य' हा शब्द मी वापरणार नाही. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात तारण या संस्काराशी देवाने बांधले आहे, मात्र देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, अशा आशयाचे विधान आहे. श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्याचे रक्त आणि संस्काराची मनोमन इच्छा, या दोहोंनाही चर्चने तारणाच्या दृष्टीने स्नानसंस्काराच्या जोडीचे स्थान दिले आहे. स्नानसंस्काराविना मृत्यू पावलेल्या अर्भकांना तोच ग्रंथ देवाच्या दयेवर सोपवतो.

या इच्छेच्या बाप्तिस्म्याचे एक जुने उदाहरण मनाला भिडणारे आहे. रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन 392 मध्ये गॉलमधील व्हिएन येथे मृतावस्थेत सापडला. तो विशीतला तरुण होता आणि आपल्याला बाप्तिस्मा द्यावा म्हणून त्याने मिलानचे बिशप अँब्रोज यांना बोलावणे धाडले होते. ते वाटेत असतानाच त्याचा अंत झाला. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोज यांनी त्याच्या शोकाकुल बहिणींना धीर देताना विचारले, की इच्छा करणे आणि मागणे याखेरीज आपल्या हाती दुसरे असते तरी काय? जे त्याने मागितले ते त्याला मिळाले, अशी त्यांची भूमिका होती.

पुन्हा प्रश्न

दोघांचेही आभार. परंतु माझ्या तिसऱ्या वाचकाचा आक्षेप अजून उभाच आहे. येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे वचन मिळाले. इफिसकरांस पत्रात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नाही, असे म्हटले आहे. मग बाप्तिस्मा हे एक कर्मच नव्हे काय?

उत्तर

आपण अगदी गाभ्याला हात घातला आहे, आणि मराठी क्रियापद येथे आपली थोडी दिशाभूल करते. आपण 'बाप्तिस्मा घेणे' म्हणतो, त्यामुळे घेणाऱ्यानेच काही केले असा भास होतो. मार्काच्या सोळाव्या अध्यायातील "जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल" या वचनात ग्रीकमध्ये विश्वास धरण्याचे रूप कर्तरी आहे, बाप्तिस्म्याचे मात्र कर्मणी, म्हणजे 'ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे'. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी पेत्र लोकांना जी आज्ञा करतो तिचे रूपही असेच आहे. उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात हनन्या पौलाला "ऊठ, बाप्तिस्मा घे" म्हणतो, तेथील रूपात स्वतःसाठी करवून घेण्याची छटा आहे. म्हणजे निव्वळ व्याकरणाने वाद मिटत नाही, पण 'बाप्तिस्मा म्हणजे माणसाचे कर्म' हे गृहीतक डळमळते. मार्टिन ल्यूथर विश्वासानेच नीतिमान ठरण्याचा कट्टर पुरस्कर्ता. तरी 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात (म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात) त्याच्या अनुयायांनी बाप्तिस्मा तारणास आवश्यक आहे असेच लिहिले, कारण त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हे देवाचे कार्य आहे आणि विश्वास ते स्वीकारतो. आपल्या तिसऱ्या वाचकाने हे अवश्य ध्यानात घ्यावे. 'केवळ विश्वास' आणि 'आवश्यक बाप्तिस्मा' या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्व प्रोटेस्टंट मानत नाहीत.

मार्कातील त्याच वचनाचा उत्तरार्ध बारकाईने वाचावा. दोषी ठरतो तो विश्वास न धरणारा. बाप्तिस्मा न झालेला, असे तेथे म्हटलेले नाही. (मार्काच्या शुभवर्तमानाचा हा समारोपाचा भाग सायनाय व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन प्रमुख हस्तलिखितांत नाही, हेही खरे, म्हणून सारा भार या एका वचनावर टाकू नये.) प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला आणि पाणी नंतर आले. परंतु पवित्र आत्मा मिळाला, आता पाणी कशाला, असे पेत्र म्हणाला नाही. आता यांना पाण्याची मनाई कोण करील, असे त्याने विचारले. माझ्या मते या एका प्रसंगात दोन्ही बाजूंचे म्हणणे सामावले आहे.

म्हणून भेद करायचा तो 'आवश्यक' या शब्दाच्या आतच. ईश्वरशास्त्रात साधन म्हणून आवश्यक आणि आज्ञा म्हणून आवश्यक, असा जुना भेद आहे. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि ल्यूथरन परंपरा पहिल्या अर्थाने बोलतात, अपवादाची वाट मोकळी ठेवून. प्रेस्बिटेरियनांच्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात बाप्तिस्म्याची उपेक्षा करणे हे मोठे पाप म्हटले आहे, मात्र त्यावाचून कोणाचे तारण होऊच शकत नाही इतके ते एकमेकांना जखडलेले नाहीत, असेही लगेच जोडले आहे. बॅप्टिस्टांच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही तारण झालेल्याची आज्ञाधारकता आणि साक्ष आहे. आणि आपल्याकडे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात परिचित असलेली मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) 1883 पासून पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही.

मराठी वाचकासाठी आणखी दोन उदाहरणे देण्याजोगी आहेत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी घरादाराची ताटातूट सोसली. त्याच टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली. ज्याने या विधीची एवढी किंमत मोजली, त्याने तो हलका लेखला असे कोणी म्हणू शकणार नाही. आपल्या समाजात बाप्तिस्मा म्हणजे जात आणि घर सोडल्याची जाहीर रेषा ठरत असे, आणि या रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या श्रद्धावंतांचे काय, हा प्रश्न टिळकांपुढे पुस्तकातून आलेला नव्हता.

पुन्हा प्रश्न

तर मग पुस्तिकेत वाक्य कसे लिहावे?

उत्तर

मी असे लिहीन : "बाप्तिस्मा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे, असे बहुतेक सर्व ख्रिस्ती मंडळ्या मानतात. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स व ल्यूथरन परंपरांत तो तारणाचे देवाने नेमलेले साधन म्हणून आवश्यक समजला जातो, तर बॅप्टिस्ट व इतर अनेक मंडळ्यांत विश्वासाने तारण झालेल्या व्यक्तीची जाहीर साक्ष म्हणून. ज्याला इच्छा असूनही तो मिळू शकला नाही, त्याला केवळ त्या कारणाने तारणाला मुकावे लागते, असे या परंपरा शिकवत नाहीत." पहिल्या उल्लेखात 'बाप्तिस्मा (स्नानसंस्कार)' असे कंसासह द्यावे, म्हणजे वसईच्या वाचकाला परके वाटणार नाही. 'अनिवार्य' हा शब्द कोठेही येऊ देऊ नये.