मदत हवी आहे : वडिलांच्या गोव्यातील जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व, आणि बहिणीचा उशिरा नोंदलेला जन्म

नमस्कार.

माझ्या वडिलांचा जन्म १९५४ साली फोंडा तालुक्यात, माशेलजवळ झाला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्तीने आपला जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घेतला, की तिच्या मुलांनाही त्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी नोंद करता येते, आणि हा मार्ग आमच्या नात्यातील काही जणांनी पूर्वीच धरलेला आहे. माझी धाकटी बहीण परिचारिका असून तिला युरोपात नोकरी करायची आहे, म्हणून आम्हीही कागदपत्रे जमवू लागलो आहोत.

वडिलांची मूळ पोर्तुगीज नोंद मिळाली. तिच्यात आमच्या 'नाईक' आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई ही अक्षरे आहेत आणि वडिलांच्या नावातला 'श' पोर्तुगीज वळणाप्रमाणे 'एक्स'ने लिहिला आहे. वडील शाळेसाठी कुडाळला मामांकडे आले तेव्हापासूनच्या साऱ्या कागदांवर मात्र इंग्रजी वळणाचे स्पेलिंग आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवले आहे. तेवढे पुरते, की राजपत्रातही प्रसिद्ध करावे लागते?

आईवडिलांचे लग्न १९८१ साली कुडाळला मांडवात झाले. गोव्यात झाले असते तर तिथल्या नागरी कायद्यानुसार नोंद करावीच लागली असती. आमच्याकडे तेव्हा अक्षता पडल्या की लग्न झाले, सरकारी कचेरीत जाण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. गेल्या वर्षी आम्ही नोंदणी करून घेतली, त्यामुळे दाखल्यावर लग्नाची आणि नोंदणीची तारीख यांत चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर दिसते.

खरी अडचण बहिणीची आहे. माझा जन्म त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत नोंदला गेला, पण १९८८ साली आजोळी घरीच जन्मलेल्या बहिणीची नोंद राहून गेली आणि ती २००९ साली, म्हणजे ती एकवीस वर्षांची असताना, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने झाली. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार साधारणतः मूल अल्पवयीन असताना प्रस्थापित झालेले पितृत्व वा मातृत्वच राष्ट्रीयत्वासाठी धरले जाते. वडिलांचे नाव असलेला पहिलीच्या प्रवेशाचा शाळेचा उतारा, लसीकरणाचे कार्ड आणि तिचे नाव असलेले जुने रेशनकार्ड आमच्याकडे आहे. एवढ्यावरून तिचे पितृत्व लहानपणीच सिद्ध झाले होते असे मानले जाईल का, की आईवडील तिच्या जन्माआधीच विवाहित होते हे दाखवणारा उशिराचा विवाह दाखलाच इथे निर्णायक ठरेल? अशा नोंदीला अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणन) घेताना दंडाधिकाऱ्यांचा आदेशही सोबत जोडावा लागतो का?

भारतीय बाजू आम्ही समजून घेतली आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) मिळाले तरी मतदानाचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येऊ शकते. माशेलच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वडिलांचा हिस्सा असल्यामुळे मी स्वतः अर्ज न करण्याचे ठरवले आहे. आता वडिलांबाबतची शंका उरते : त्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट न घेता बहिणीसाठी केवळ आपला जन्म लिस्बनला नोंदवला, तर सत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या भारतीय पासपोर्टाला आणि मतदार यादीतील नावाला धोका पोहोचतो का? या मुद्द्यावर गोव्यातील दोन वकिलांनी आम्हाला परस्परविरुद्ध मते दिली आहेत.

उशिरा नोंदलेल्या जन्माचे प्रकरण ज्यांनी स्वतः नेले असेल त्यांनी कोणते कागद जोडले आणि कोणत्या कारणाने परत आले, ते कृपया सविस्तर लिहावे. एजंटांची नावे सुचवू नयेत, ही विनंती. एकाने आम्हाला जुन्या तारखेचा जन्मदाखला 'करून देण्याची' तयारी दाखवली आणि तो मार्ग आम्हाला पत्करायचा नाही.