"करतो" म्हटलेलं करायची सवय लावून घेता येते का?

पूर्वभाग_९७

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात बिलिंग आणि डिस्पॅच बघतो. वय सत्तावीस. कामावर माझ्याबद्दल तक्रार नाही, पण घरात आणि मित्रांत माझ्या शब्दाला वजन राहिलेलं नाही. "करतो", "बघतो", "उद्या आणून देतो" हे तोंडातून पटकन निघतं आणि मग राहून जातं. मध्यंतरी मावसभाऊ सगळ्यांदेखत आईला म्हणाला, "त्याच्या भरवशावर राहू नका मावशी, मीच आणतो." ते मनाला लागलंय.

सुधारायचं म्हणून मोबाईलवर एक ॲप घेतलं. पहाटे पाचला उठणं, पार्क मैदानावर पळणं, दहा पानं वाचणं, ध्यान, डायरी. सगळं एकदम धरलं आणि सगळं एकदमच सुटलं. भरवशाचा माणूस होणं हे रोज थोडं थोडं करून जमतं, की ते ज्याचं त्याचं जन्मजात असतं? जमत असेल तर सुरुवात कुठून करू?

विजापूर_रोडकर

सलग २१ दिवस करा, बाविसाव्या दिवशी आपोआप होतं. मी जिम अशीच लावून घेतली. मात्र एकही दिवस चुकवायचा नाही.

मानसशास्त्र_शिकवते

२१ दिवसांचं थोडं सांगते, कारण त्या आकड्यापायी बावीसाव्या दिवशी निराश झालेली मुलं मी वर्गात बघते. १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळून पडलं आणि चेहऱ्याचा संदर्भही गेला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी रोज ठरल्या वेळी एकच साधी गोष्ट करायची होती: जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, असं काहीतरी. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा चुकलं म्हणून सोडू नका.

एवढं मात्र लक्षात घ्या, हे सवयींबद्दल झालं. भरवसा दुसऱ्या माणसाने आपल्यावर ठेवायचा असतो, त्याला दिवसांचं असं गणित लावता येणार नाही.

भाकरीवाल्या_काकू

पूर्वभाग, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आमचं कडक भाकरीचं काम आहे. माल पुण्या-मुंबईला जातो. कामाला आलेली नवी पोरगी पहिल्याच दिवशी ढीगभर भाकरी थापते म्हणते. मी तिला थापायला बसवतच नाही, आधी कडा तपासायला बसवते. भाकरी मधे पातळ थापणं लवकर जमतं, कडेला हात जड पडतो. कडा जाड राहिली की वरून कडक लागते, आत मात्र ओल राहते, आणि पाकिटात ती एक भाकरी बाकीच्या भाकरीही मऊ पाडते. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ते आठ दिवसांनी कळणार. म्हणून प्रत्येक भाकरीच्या कडेवरून अंगठा आणि बोट फिरवायचं, जाड लागली की बाजूला. बाजूला काढलेल्या त्याच दिवशी आमटीत चुरून आम्ही सगळ्याजणी खातो, त्यामुळे आज किती निघाल्या ते सगळ्यांना दिसतं. रोज तासभर एवढंच. पुढं ती पोरगी थापायला बसते तेव्हा तिची कडा पातळच येते, बोटाला कळलेलं असतं की.

जन्मजात म्हणशील तर माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात घरोघरी तेच होतं. मांडीवर सूप घेऊन पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की तिथं तपासायचे, छाट बाजूला काढायचे, आणि हजारामागची मजुरी छाट वजा करून हातात यायची. जन्माला येताना ती काही हे शिकून आली नव्हती. हात घडला तो वळलेलं लगेच कुणीतरी तपासतंय म्हणून. (छाटीच्या नावाखाली बायकांचे पैसे कापायचे तो अन्याय वेगळा, त्यावर एकदा सविस्तर लिहीन.)

तुझ्या ॲपमध्ये नेमकं हेच नाही. तू पाचला उठलास काय आणि नाही उठलास काय, कुणाचं काही अडत नाही. खूण करणारा तूच, पुसणारा तूच. शिवाय तुझी अडचण उठण्याची नव्हतीच, शब्दाची होती. पार्क मैदानावर पळून शब्द कसा पाळता येईल?

म्हणून शब्दच दे. पण एवढा लहान दे की संध्याकाळपर्यंत त्याचा निकाल लागावा, आणि निकाल लावणारं माणूस दुसरं असावं. मोठे शब्द काही दिवस बंद. "बघतो" तर कायमचं बंद. आमच्याकडे गिरणीतून पीठ आणायचं असलं तरी नुसतं "आणते" कुणी म्हणत नाही, "अकरापर्यंत आणते" म्हणतात. वेळ लावली की हे जमणारं आहे की नाही ते आपलं आपल्यालाच कळतं. जमणार नसेल तर तिथंच "नाही जमायचं" म्हणायचं. मला वाटतं तुझं दुखणं इथंच आहे. समोरच्याला नाराज करवत नाही म्हणून तू हो म्हणतोस. मनाने चांगला आहेस म्हणूनच हे होतंय. पण नाही ऐकलेला माणूस दुसरी सोय करतो, हो ऐकलेला वाट बघत बसतो.

काठीवाला_सोलापूर

काकूंचं लई पटलं. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात ते सगळं गाव बघतं, पण आधी कितीतरी रात्री सराव चाललेला असतो. उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालायचं. आमच्यातल्या जाणत्यांनी पहिल्यांदा एकच शिकवलं: दम संपल्यावर नाही, दम संपत आलाय तेव्हाच बोलायचं, म्हणजे शेजारचा काठी घेतो. मला तर वेळेत बोलायची सवय तिथंच लागली. ती पुढं दुकानात कामाला आली, घरातही.

पूर्वभाग_९७

काकू, नाराज करवत नाही हे अगदी खरं आहे. असं कुणी सांगितलं नव्हतं. घरात पाणी भरायचं मी अंगावर घेऊ का? आमच्याकडे काही दिवसांआड येतं, तेही रात्री उशिरा, आणि आईच जागते.

भाकरीवाल्या_काकू

घेच. पण ते रोजचं नाही, रोजचं एक हवं. सकाळी निघताना आईला घरी यायची वेळ सांगत जा. खरी वेळ सांग, तिला बरं वाटावं म्हणून तासभर अलीकडची नको. डिस्पॅचचं काम म्हणजे गाडी कधीतरी उशिरा लागणारच. आठ सांगितलेत आणि सातला दिसलं की ट्रक अजून आलेला नाही, तर सातलाच फोन कर, काठीवाल्या भाऊंनी सांगितलं तसं. आठ वाजून गेल्यावरचा फोन चालायचा नाही, तोवर तिनं तवा ठेवलेला असतो. एखादा दिवस चुकला तर शिकवणाऱ्या ताई म्हणतात तसं, दुसऱ्या दिवशी परत धरायचं.

सराव करायलोय वगैरे आईला सांगत बसू नकोस. मावसभावाला दाखवायलाही जाऊ नकोस. त्याला कळायला वेळ लागेल, लागू दे. आणि पाण्याचा गजर आजपासून तुझ्या उशाशी लाव, आईचा बंद कर.