वेगळेपण नेमकं कुठं?

इथं एकांनी लिहिलंय की जगापासून चार हात लांब राहिलं तरच ख्रिस्ती जीवन टिकतं. मला नाही पटत. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र पाठवलं (बायबल, यिर्मया अध्याय २९), त्यात घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित पाहा, असंच आहे. आणि नगर कुणाचं, तर शत्रूचं! त्याच बंदिवानांतला दानीएल तर राजदरबारातच होता. राजाच्या ताटातलं अन्न आपल्याला विटाळेल, म्हणून तेवढं त्यानं नाकारलं. तेही आरडाओरडा न करता, '१० दिवस नुसता भाजीपाला नि पाणी देऊन पाहा तर खरं' अशी विनंती करून.

मला एकदा बिलावर मागची तारीख टाकायला सांगितली, तेव्हा 'नाही जमणार' एवढंच बोललो. हात थरथरत होते, हे कबूल. गळ्यातला क्रूस तेव्हा शर्टाच्या आतच होता.