लेन्सची रिंग अनंताच्या (∞) खुणेवर ठेवूनही तारे फुगीर येतात. फोकस नेमका कसा लावायचा?

कपाशी_यवतमाळ

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातल्या वावरातून आकाशगंगेचे फोटो काढायचे आहेत. अंधार चांगला मिळतो, आणि सध्या एप्रिलमध्ये रात्री दोनच्या सुमारास वृश्चिक-धनू बऱ्यापैकी वर आलेले असतात. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २४ मेगापिक्सेल. लेन्स दोन: कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आणि ५० मिमी एफ/१.८.

५० मिमीची रिंग अनंताच्या खुणेवर ठेवली की तारे ठिपक्यांऐवजी गोळे येतात. १८-५५ वर तर खूणच नाही, रिंग कितीही फिरवा, फिरतच राहते. शिवाय सुरुवातीला बरा असलेला फोकस दोन तासांनी ढिला पडलेला दिसतो. शेजारच्या विहिरीवर बल्ब असतो, अंदाजे २०० मीटरवर. त्यावर ऑटोफोकस करून मग मॅन्युअलवर टाकलं तर चालेल का?

सातपुडा_रात्र

बल्बचं आधी सांगतो. १८ मिमीला चालेल, ५० मिमीला नाही. २०० मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा ताऱ्याच्या प्रतिमेपेक्षा किती मागे पडते, ते फोकल लांबीच्या वर्गाला अंतराने भागलं की कळतं. ५० मिमीला हे १२.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतं. एफ/१.८ वर त्यामुळे तारा सुमारे ७ मायक्रॉन पसरतो, आणि तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा आहे. ऑटोफोकसची स्वतःची चूक त्यात आणखी मिळते. दोन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा ५० मिमीला बिनधास्त वापरा. पण उद्या २०० मिमी एफ/२.८ घेतली तर तिला तो टॉवरही जवळचाच आहे.

खुणेवर विश्वास नको. ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्या पुढेही थोडी जाईल अशीच बनवतात. तापमानाने लेन्स आखडते-पसरते त्यासाठी ती जागा लागते, आणि ऑटोफोकसलाही नेमकी जागा ओलांडून परत यावं लागतं. म्हणून खूण हा अंदाज, आणि रिंगचं शेवटचं टोक तर हमखास चुकीचं. मोबाइल ॲपमधल्या हायपरफोकल अंतराचंही (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं ते अंतर) तसंच. ते गणित बहुतेक वेळा ०.०२ किंवा ०.०३ मिमीचा ठिपका चालेल असं धरून केलेलं असतं. ताऱ्याला तो चालत नाही.

आता पद्धत. लेन्स मॅन्युअलवर, स्टॅबिलायझर बंद, ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ६४००, शटर ३० सेकंद (काही कॅमेऱ्यांत त्यामुळे लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचं थेट चित्र, उजळतो). ठळक तारा फ्रेमच्या मध्याशी आणा. संध्याकाळी पश्चिमेला व्याध, तो मावळल्यावर स्वाती, उत्तररात्री अभिजित. मग पडद्यावरचं वाढवून पाहण्याचं बटण दाबून १० पट करा. लेन्सचा झूम मात्र हलवायचा नाही. ५५ वर फोकस करून १८ वर आलात तर अशा झूममध्ये तो टिकत नाही.

रिंग हळू फिरवा. तारा लहान होत जाईल, मग पुन्हा फुगेल. एकदा ओलांडल्याशिवाय सर्वांत लहान कुठे होता ते कळत नाही, म्हणून ओलांडा आणि परत या. ताऱ्याच्या आकारापेक्षा भरवशाची खूण म्हणजे त्याच्या शेजारचे मंद तारे. फोकस जुळतो तेव्हा ते एकदम उगवतात, केसभर हलला की विरतात. ५० मिमीला रंगही बघा: एका बाजूला जांभळट कडा, दुसऱ्या बाजूला हिरवट, दोन्ही जिथे संपतात ती जागा. चाळिशीचा चष्मा असेल तर पडद्यावर छोटं भिंग धरा. अंधुक पडदा आणि अंधुक तारा यांतला फरक डोळ्याला तिथेच चकवतो.

शेवटी चाचणीचा फोटो, आणि तो ज्या एफ-क्रमांकावर काम करायचं त्याच क्रमांकावर. एफ/१.८ वर जुळवून एफ/२.८ वर काढलं तर काही लेन्समध्ये फोकसची जागाच थोडी सरकते. फोटो १०० टक्के मोठा करून बघा, फक्त पडद्यात मावेल एवढा पाहून सगळंच टोकदार वाटतं.

तिफण

ताई, दोन तासांनी फोकस हलते ते गर्मीपायी. आपल्याकडं एप्रिलात टिनाच्या खोलीत नाहीतर गाडीत ठेवलेली लेन्स चाळीसच्या वर तापते, अन् पहाटे वावरात पंचवीस-सव्वीस. ॲल्युमिनियमची ५ सेंटीमीटरची नळी १५ अंशांनं थंडी झाली का १७ मायक्रॉन आखडते. प्लास्टिक त्याहून जास्त. म्हणून कॅमेरा पाऊण तास आधी उघड्यावर ठेवा लागते, मंगच फोकस. मंग दर अर्ध्या तासानं तपासा, पारा झपाट्यानं उतरत असला तर पंधरा मिनिटांनी.

रिंग जुळली का टेप लावा, पण काळी इलेक्ट्रिकची टेप नाही. तिचा गोंद आपल्या उन्हात पाघळते अन् रिंगच्या खाचेत बसते. रंगकामवाल्याची कागदी मास्किंग टेप बरी. लावताना रिंग हलली नाही ना, हे दहा पटीवर बघतबघतच लावा.

डिसेंबरात दवाचं पाहा. धरणाजवळ, ओलिताच्या गव्हात तासाभरात काच धुकटते, अन् माणूस फोकस गेला समजून रिंग फिरवते. बॅटरी पुढच्या काचेवर तिरपी मारली का दव लगेच दिसते. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या काठाशी गुंडाळा, फोकस रिंगवर नाही. अन् तो फोकस करायच्या आधीच सुरू करा, कारण त्याच्या उबेनं बी फोकस सरकते.

कपाशी_यवतमाळ

सातपुडा भाऊ, तिफण भाऊ, आभार. या पद्धतीने ५० मिमी जमली. १८-५५ मात्र मी जुळवते आणि बॅटरी बदलली की तिचा फोकस पुन्हा बिघडतो. शिवाय १८ वर फ्रेमची उजवी बाजू कायम मऊ. फोकस नीट नाही की लेन्सच तशी? बाहतिनोव्ह मास्क (फोकस जुळवायला लेन्सपुढे लावायची पट्ट्यांची जाळी) घेऊ का?

अगस्त्य

ताई, कॅमेरा बंद असताना तिची रिंग फिरवली तर आत काहीच हलत नसेल. अशा लेन्समध्ये रिंग फक्त मोटरला इशारा देते. कॅमेरा बंद झाला किंवा झोपला की मोटर मूळ जागी जाते. ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा, मेनूमध्ये लेन्सची जागा लक्षात ठेवायचा पर्याय असला तर सुरू करा. बॅटरी बदलली की तारा पुन्हा दहा पटीवर घ्यायचाच. या लेन्सला टेपचा काही उपयोग नाही.

उजव्या बाजूचं असं तपासा: कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करून तोच आकाशाचा भाग घ्या. मऊपणा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्समधली काच किंवा माउंट कललेलं आहे, कारण आकाशात सगळंच सारख्या अनंतावर असतं. मऊपणा आकाशासोबत गेला तर क्षितिजाजवळची धूळ-धूर समजा, उन्हाळ्यात आपल्याकडे ती असतेच. काच कललेली निघाली तर मध्यावर फोकस न करता तारा मध्यापासून मऊ बाजूकडे एक तृतीयांश अंतरावर ठेवून जुळवा, ॲपर्चर एफ/४.५ करा, आणि फ्रेम अशी धरा की ती बाजू झाडाच्या काळोखात जाईल.

फोटो फोकसनेच बिघडला का, हे ताऱ्याच्या आकारावरून ओळखता येतं. सगळीकडे सारखा गोल फुगवटा असेल तर फोकस. एकाच दिशेने लांबट रेघ असेल तर आकाशाचं फिरणं: तुमच्या सेन्सरवर १८ मिमीला खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा तीन सेकंदांत एक पिक्सेल सरकतो, म्हणून २० सेकंदांत सहा-सात पिक्सेलची रेघ. ती रिंगने जाणार नाही, शटर १० सेकंदांवर आणा. फक्त कोपऱ्यांत पंख फुटल्यासारखे तारे म्हणजे कोमा, त्यावर उपाय ॲपर्चर एक-दोन पायऱ्या बंद करणं.

बाहतिनोव्ह मास्क या दोन लेन्ससाठी घेऊ नका. पट्ट्यांच्या जाळीतून ताऱ्याला तीन किरण फुटतात, मधला किरण बाकी दोघांच्या बरोबर मध्ये आला की फोकस. कल्पना उत्तम आहे, पण एक पट्टी आणि एक फट मिळून साधारण फोकल लांबीच्या दीडशेव्या भागाएवढी असावी लागते. ५० मिमीला ती ०.३३ मिमी येते, पुठ्ठ्यात कापणं अशक्य. १८ मिमीला किरण दिसण्याइतके मोठेच होत नाहीत. २०० मिमीला सव्वा-दीड मिमीची जाळी काळ्या कार्डशीटमधून धारदार ब्लेडने निघते, तेव्हा ती लेन्स आली की इथेच विचारा, कापायची मापं देतो.