४७० नौकेची डोलकाठी : एका बाजूच्या वाऱ्यावर वेग का पडतो?

प्रश्न

आम्ही दोघे मुंबई बंदरात जुन्या ४७० या दोघांनी चालवायच्या शिडाच्या नौकेवर शर्यती खेळतो. दुपारी वायव्येचा वारा चढला, की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाताना आम्ही मागे पडतो, मात्र वारा डाव्या बाजूने येत असेल तेव्हाच. त्या वेळी मोठ्या शिडावर मागच्या खालच्या कोपऱ्यापासून डोलकाठीच्या मध्यापर्यंत तिरक्या सुरकुत्या दिसतात. श्राउड, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा, अधिक ताणाव्यात का?

पहिले उत्तर

इतक्यात ताण वाढवू नका. आपण वर्णन केलेल्या सुरकुत्यांचा अर्थ असा, की डोलकाठी शिडाच्या पुढच्या कडेला दिलेल्या गोलाईपेक्षा जास्त वाकते आहे. त्यामुळे शीड नको तितके सपाट होते, आणि बंदरातल्या आखूड लाटा कापायला लागणारी ताकदच त्यात उरत नाही. स्प्रेडर, म्हणजे डोलकाठीपासून श्राउड दूर धरणाऱ्या आडव्या दांड्या, मागे झुकलेले असतील, तर ताणलेला श्राउड त्यांच्यामार्फत डोलकाठीचा मध्य पुढे ढकलतो; म्हणून त्यांचा झुकाव थोडा कमी करून पाहा.

दुसरे उत्तर

वरील निदान मला पटते, पण त्रास एकाच बाजूला होतो, ही खूण मी अधिक महत्त्वाची मानतो. वारा डावीकडून असताना सगळा भार डाव्या श्राउडवर येतो, तेव्हा केवळ डावा स्प्रेडर उजव्यापेक्षा जास्त मागे झुकला असण्याची शक्यता मोठी आहे. डोलकाठी उतरवा, दोन्ही स्प्रेडरांची लांबी सारखी असल्याची खात्री करा आणि प्रत्येकाच्या टोकापासून डोलकाठीच्या पुढील मध्यरेषेवरील एकाच खुणेपर्यंतचे अंतर मोजा. डोलकाठी पुन्हा उभी केल्यावर मोठ्या शिडाच्या हॅलियर्डला (शीड वर चढवण्याच्या दोराला) पोलादी टेप बांधून वर चढवा आणि दोन्ही श्राउडांच्या बुंध्यांपर्यंतची अंतरे जुळवा. डोलकाठीच एका कुशीला कललेली असेल, तर पुढची कोणतीही जुळवणी विश्वासार्ह ठरत नाही. तिचा मागचा कल मात्र या वेळी बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशाने पडला ते समजते.

प्रश्नकर्ता

टेपची दोन्ही अंतरे जुळली, परंतु डावा स्प्रेडर ११ मिलिमीटर अधिक मागे निघाला. त्याच्या बुडाची खीळ झिजली होती. ती बदलून झुकाव सारखा केल्यावर रविवारी त्याच वाऱ्यात सुरकुत्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि डाव्या बाजूच्या वाऱ्यावरही आम्ही शेजारच्या नौकेच्या बरोबरीने चाललो. जोराच्या झुळुकीत सुकाणू अजून हाताला ओढते, तेव्हा आता डोलकाठीचा मागचा कल तपासणार आहोत.